गुणपत्रिका समोर ठेवा

माझी भाची कॅलिफोर्नियात शिकते. गेल्या वर्षी ती बारावीला होती. नोव्हेंबरातल्या एका रात्री तिचा फोन आला. "मामू, केमिस्ट्रीत मला 'ए' होता ना? मी तुम्हाला सांगितलं होतं बघा." सांगितले होते खरे. मी म्हटले, "बेटा, मला काय विचारतेस? गुणपत्रिका उघड." उघडली. पहिल्या सत्रात 'ए' होता, दुसऱ्यात 'बी'.

ती कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज भरत होती. पदवीसाठी या विद्यापीठाची नऊ संकुले आहेत आणि सर्वांसाठी अर्ज एकच. नववीपासूनचा प्रत्येक विषय आणि प्रत्येक सत्राची श्रेणी विद्यार्थ्याने स्वतः लिहायची. अर्जाबरोबर गुणपत्रिका जोडायची नाही. आमच्या वेळी झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेण्यासाठी दिवस मोडायचा, त्यामुळे मला याचे नवल वाटले. पण तिथे अर्ज लाखांनी येतात. म्हणून आधी शब्दावर विश्वास ठेवतात आणि जे प्रवेश स्वीकारतात त्यांच्याच गुणपत्रिका शाळेकडून मागवतात. तोवर प्रवेश तात्पुरता. लिहिलेले आणि छापलेले जुळले नाही, तर तो रद्द होऊ शकतो. २०२१पासून या विद्यापीठाने सॅटचे गुण निवडीसाठी पाहणे बंद केले आहे, त्यामुळे शाळेतल्या श्रेणींना अधिकच महत्त्व आले आहे.

हा धाक नुसता कागदावरचा नाही. २०१७च्या उन्हाळ्यात अर्व्हाइन संकुलाने सुमारे ५०० मुलांचे प्रवेश काढून घेतले. काहींचे बारावीचे गुण घसरले होते, पण निम्म्याहून अधिक प्रकरणांत गुणपत्रिका पोहोचण्याचाच घोळ होता. ओरड झाली, कुलगुरूंनी माफी मागितली आणि कागदपत्रांपायी गेलेले प्रवेश परत दिले. पण त्या मुलांचे मधले दिवस कसे गेले असतील!

खोटे लिहिणारे असतातच, त्यांचे सोडा. मला काळजी वाटते ती प्रामाणिक मुलांची. हॅरी बारिक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या ९९ विद्यार्थ्यांना शाळेतल्या श्रेणी आठवायला सांगितल्या आणि मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. 'ए' मिळालेले विषय ८९ टक्के वेळा बरोबर आठवले. 'डी' मात्र फक्त २९ टक्के. आणि बहुतेक चुका वरच्या बाजूला! आठवण आपल्याला न विचारताच गुण वाढवून देते.

मला यात आश्चर्य वाटले नाही. बी. ए.च्या प्रवेशाच्या वेळी मी अर्जावर इंग्रजीचे गुण ६४ लिहिले होते. खिडकीतल्या कारकुनाने गुणपत्रिका पाहिली, लाल शाईने काट मारली आणि ५६ लिहिले. मागच्या रांगेतले हसले. मी शपथेवर सांगतो, मला ६४च आठवत होते. (कवीच्या आठवणीवर एरवीही कुणी विसंबू नये.)

म्हणून गुणपत्रिका समोर ठेवून एकेक ओळ उतरवायची. नापास होऊन किंवा 'डी' मिळाल्यावर विषय पुन्हा केला असेल, तर दोन्ही श्रेणी लिहायच्या. जुनी गाळली की ती लपवाछपवी ठरते. उन्हाळी वर्ग, दुसऱ्या कॉलेजात केलेला एखादा विषय, तेही आलेच. अर्जानंतर बारावीत विषय सोडला किंवा श्रेणी घसरली, तर विद्यापीठाला आपणहून कळवायचे.

आपल्याकडून तिकडे अर्ज करणारी मुले आणखी एका ठिकाणी अडखळतात. शंभरातले गुण ती स्वतःच 'ए', 'बी'त बदलतात. तसे करायचे नाही. गुणपत्रिकेवर ७८ असतील तर ७८च. दहावीला राज्य मंडळाची टक्केवारी २०१०पासून उत्तम पाच विषयांवर निघते. घरात तीच सर्वांच्या तोंडी असते. पण तिथे सहावा विषयही लिहावा लागतो, जो आपण नातेवाइकांना कधी सांगितलेला नसतो.

भाचीने 'बी' लिहिला. मग फोन चालू ठेवूनच ती नववीपासूनच्या सगळ्या ओळी तपासत बसली. आणखी एक चूक निघाली. स्पॅनिशमध्ये 'ए' होता आणि तिने 'बी' लिहिला होता.