मातींतून गादीवर

व्यायामाचें प्रेम आपल्या वऱ्हाडांत नवें नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें; आणि जत्रेंतील कुस्त्यांची दंगल ज्यानें पाहिली नाहीं, असा अकोला-अमरावतीकडील विद्यार्थी विरळा. मातींत भल्याभल्यांस चीत करणारा मल्ल परदेशीं गेल्यावर मागें कां पडतो, असें विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात. त्याचें उत्तर खाशाबा जाधव यांच्या चरित्रांत सांपडतें.

त्यांचा जन्म कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं झाला. वडील दादासाहेब हेही मल्लच होते. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा फ्लायवेट गटांत उतरले व सहावे आले. ह्याचें कारण शक्तीचा अभाव नव्हे. मातींत पाय रोवतां येतो आणि प्रतिपक्ष्याची पाठ भुईस लागली, कीं कुस्ती संपते. गादीवर पायांस तसा आधार नाहीं; वेळ मोजका; आणि कोणी चीत न झाल्यास त्या काळीं पंचांच्या मतानें निकाल लागे. खाशाबांची सारी कमाई मातींतील होती. म्हणून ते पुन्हां विद्यार्थी झाले व नवे डाव शिकले.

१९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें, तर जवळ पैसा नव्हता. ते ज्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. तेथें बँटमवेट गटांत खाशाबा तिसरे आले. स्वतंत्र भारतास मिळालेलें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठीं १९९६ सालापर्यंत वाट पहावी लागली. परतल्यावर खाशाबांनीं कुस्त्यांचा फड भरविला आणि त्या पैशांतून गुरूंचें घर सोडविलें.

प्रेषित पौलानेंही करिंथकरांस लिहितांना धांवणारा व मुष्टियुद्ध करणारा यांचाच दाखला घेतला आहे. कारण दुसऱ्यास जिंकण्यापूर्वीं स्वतःच्या देहास वळण लावावें लागतें.

मुलगा एकदां अनुत्तीर्ण झाला, कीं त्याचें नांव शाळेंतून काढावयास कांहीं पालक आमच्याकडे येतात. त्यांस आमची एवढीच विनंति, कीं लंडन आणि हेलसिंकी यांमधील चार वर्षें त्यांनीं आठवावीं, व मुलास आणखी एक वर्ष द्यावें.