तीन डिस्क आणि आम्ही चौघं

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये रिमोटवरून भांडणं होतात, ती निदान समोरासमोर तरी होतात. आमचं भांडण व्हायचं ते वेबसाइटवरच्या एका यादीवरून.

२००७ साली अमेरिकेत एमएस करताना आम्ही चौघं एका घरात राहायचो. तेव्हा नेटफ्लिक्सचं मुख्य काम पोस्टातून चालायचं. महिन्याची ठराविक वर्गणी, आमच्या प्लॅनमध्ये एका वेळी तीन डीव्हीडी घरात, लेट फी नाही. साइटवर सिनेमांची क्रमवार यादी करून ठेवायची. एक डिस्क लाल पाकिटात घालून परत पाठवली की यादीतली पुढची निघायची. वर्गणी चौघांत सारखी वाटलेली. सिनेमे मात्र सारखे वाटले जाईनात!

ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेल्यांच्या लक्षात आलंच असेल. रिसोर्स तीन, प्रोसेस चार, आणि कोणी कधी सोडायचं याला नियमच नाही. एक जण पोलिसी मालिकांचा भक्त. रात्रीत डिस्क संपवून सकाळी पोस्टात टाकायचा आणि आपलीच पुढची डिस्क यादीत वर सरकवायचा. मी मागवला कुरोसावाचा 'सेव्हन समुराई'. जवळजवळ साडेतीन तासांचा, तोही सबटायटल वाचत! "रविवारी बघू" म्हणता म्हणता तो तीन आठवडे टीव्हीशेजारी पडून राहिला. म्हणजे घराची एक तृतीयांश वर्गणी माझ्या आळसापायी अडकलेली. शेवटी नागपूरचा रूममेट म्हणाला, "तू बघत नाहीस, परत पाठवत नाहीस, अन् पैसे आम्ही भरायचे?" यावर काय बोलणार, कप्पाळ!

हा रोग एकट्या माझा नाही, हे पुढे कळलं. मिल्कमन, रॉजर्स आणि बेझरमन यांनी ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका सेवेच्या नोंदी तपासून २००९ मध्ये पेपर छापला. 'बघायला हवेत' असे सिनेमे लोक 'बघावेसे वाटतात' अशा सिनेमांपेक्षा जास्त दिवस घरात ठेवतात, असं त्यात दिसलं.

उपाय साइटवरच होता, प्रोफाइल्स. खातं एक, पण प्रत्येकाची यादी वेगळी आणि डिस्कचा कोटाही वेगळा. तिनाला चारानं भाग जाईना, म्हणून नागपूरकर आणि पोलिसी भक्त यांना एकेक, आणि आम्हा दोघा आळशांत मिळून एक. आता माझी डिस्क पडून राहिली तरी त्यांचं काही अडेना. तोटाही होताच. आमची डिस्क तशीच पडलेली, आणि भक्ताची डिस्क पोस्टात असली की तो दोन-तीन दिवस रिकामा! सामायिक यादीत त्याला तिन्ही वापरता यायच्या. तरी घरात शांतता होती.

जून २००८ मध्ये कंपनीनं प्रोफाइल्स बंद करणार असं जाहीर केलं. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला. पोस्टाची सेवा मात्र २९ सप्टेंबर २०२३ ला संपली. आताच्या प्रोफाइलमध्ये आवडी वेगळ्या राहतात, कोटा नाही. एका वेळी किती स्क्रीन चालणार हे प्लॅन ठरवतो.

असो. 'सेव्हन समुराई' तेव्हा मी न बघताच परत पाठवला. इकडे परत आल्यावर दोन रविवार लावून पुरा केला.