पाना उचलण्याआधी

भंडारा जिल्ह्यात रोवणी सुरू झाली की कित्येक जुन्या मोटारसायकली पडवीत उभ्या राहतात. बांधीच्या चिखलवाटेवर त्यांचे काही चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येतो, तेव्हा ताडपत्री काढून गाडी अंगणात आणली जाते आणि किक सुरू होते. चोक ओढून झाला, सोडून झाला, पाय भरून आला, तरी गाडी दाद देत नाही. मग कोणीतरी हमखास म्हणतो, ‘कार्बेटर खोला.’

हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा ठरतो. कार्बोरेटर खोलणे, म्हणजे सगळे स्क्रू एकदम हलवणे, ही शेवटची पायरी आहे. त्याआधी पाच-दहा मिनिटांत आणि जवळजवळ फुकट करता येतील अशा तपासण्या आहेत, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. तो क्रम का ठरला, हे समजले की बंद पडलेली सीडी १००, स्प्लेंडर, आरएक्स १०० किंवा राजदूत ही डोकेदुखी राहत नाही, तर्काने सुटणारा प्रश्न बनते. वैज्ञानिक पद्धत शिकायला यापेक्षा स्वस्त साधन आपल्या गावांत दुसरे नाही, असे मला मनापासून वाटते.

इंजिनाच्या तीन मागण्या

पेट्रोलच्या इंजिनाला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा-पेट्रोलचे मिश्रण, ते नीट दाबले जाणे आणि वेळेवर पडणारी ठिणगी. गाडी सुरू होत नाही तेव्हा या तिघांपैकी किमान एक गोष्ट कमी पडलेली असते. तपासणीची सगळी कला ‘कोणती’ हे ठरवण्यात आहे.

मिश्रणाचे गणित नाजूक असते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी किंवा ७.६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ठिणगी पडूनही ती पेट घेत नाही. म्हणजे पेट्रोल कमी पडले तरी गाडी सुरू होत नाही आणि जास्त झाले तरीही नाही. किक मारता मारता चोक ओढूनच ठेवला की ‘गाडी ओव्हर झाली’ म्हणतात, ते हेच.

मात्रा किती बारीक असते ते पाहा. स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ घनसेंटिमीटरचे आहे. ते एका दमात पूर्ण भरले, तरी आत जाणारी हवा ०.११ ग्रॅमच्या आसपास असते. तिला लागणारे पेट्रोल फक्त सात-आठ मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर ही मात्रा मिनिटाला अडीच हजार वेळा मोजून द्यावी लागते. जुन्या गाडीत हे मोजमाप संगणक किंवा विजेशिवाय होते. ते हवेचा दाब करतो.

पितळेतले भोक

कार्बोरेटरच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्रवांच्या वेग आणि दाबाचे हे नाते मांडले, आणि जोवानी बत्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो आणि वर नळीत तो कमी असतो. या फरकामुळे पेट्रोल बारीक भोकातून वर ढकलले जाते आणि हवेत त्याचा फवारा होतो. विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत, तर डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी हंगेरीत, १८९३ च्या सुमारास असे फवाऱ्याचे कार्बोरेटर घडवले. तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही.

वाटीतली पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून आत फ्लोट असतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक जसा पातळी भरताच पाणी तोडतो, तसाच फ्लोट वर येऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. सुईखाली कचरा अडकला किंवा सुई झिजली, तर पेट्रोल थांबत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकू लागते. फ्लोट काढून कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळले तर तो फुटलेला आहे.

पेट्रोल मोजणारे भोक ज्या तुकड्यात असते, त्याला जेट म्हणतात. जेट पितळेचे असते. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला या धातूचा स्वभाव सांगायला नको. तांबे आणि जस्ताचा हा मिश्रधातू कापायला सोपा आहे आणि लोखंडासारखा गंजत नाही, म्हणून इतके बारीक आणि अचूक भोक त्यात पाडता येते. पण तो मऊही आहे. पोलादी तार घालून जेट साफ केले की भोक मोठे होते, आणि पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. भोक लहान होण्याचा परिणामही तितकाच मोठा असतो. ०.४० मिलिमीटरचे भोक चिकट थराने ०.३५ चे झाले, तर व्यास आठव्या हिश्श्याने घटतो, पण वाट जवळपास पाव हिश्श्याने आक्रसते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. म्हणून जेट साफ करायला कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत वापरावा. तोंडाने फुंकू नये, पेट्रोल विषारी आहे.

आधी टाकी, मग प्लग

आता क्रम. पहिली तपासणी अशी, की जिला पानाही लागत नाही: टाकीत पेट्रोल आहे का, कॉक चालू आहे का, आणि हँडलवर बंद करण्याचा स्विच असेल तर तो कुठल्या बाजूला आहे. हसू नका, अनेक गाड्या इथेच सुरू होतात.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक वाट असते. धानाचा भुसा आणि चिखल बसून ती बुजली, की पेट्रोल उतरते तसा टाकीत दाब कमी होत जातो आणि पेट्रोलची धार थांबते. अशी गाडी काही अंतर नीट चालते, मग बंद पडते आणि थोडी विसावली की पुन्हा सुरू होते. बंद पडताक्षणी झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर कार्बोरेटरला हात लावायचे कारण उरत नाही.

तिसरी तपासणी वाटीच्या तळाची. तिथल्या निचऱ्याच्या स्क्रूतून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. पेट्रोलपेक्षा पाणी जड असते, त्यामुळे तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी शिरले आहे हे नक्की. पेट्रोल आलेच नाही तर अडथळा वर आहे: कॉक, गाळणी किंवा सुई.

आणि चौथी तपासणी स्पार्क प्लगची. काही किक मारून झाल्यावर प्लग काढा आणि टोक पाहा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, कार्बोरेटरकडे वळा. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते पण जळत नाही, मग ठिणगी तपासा किंवा गाडी ओव्हर झाली आहे असे समजा. एका प्रश्नात निम्म्या शक्यता बाद होतात. डॉक्टर तपासणीला ज्या क्रमाने जातो, त्यामागेही हाच तर्क असतो.

चालत्या गाडीचा प्लग रंगानेही बोलतो. फिका तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठून तरी चोरहवा येते आहे. आरएक्स किंवा राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेलही जळते, म्हणून तिथे प्लग तेलकट होणे नेहमीचे.

ठिणगीबाबत एक सापळा आहे. प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली आणि निळी ठिणगी दिसली, की ‘करंट आहे’ म्हणून आपण पुढे जातो. पण फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले, की ठिणगी पडायला लागणारा विजेचा दाब वायूच्या दाबावर आणि दोन टोकांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. सिलिंडरमध्ये वायू दाबलेला असतो, तिथे तेच अंतर ओलांडायला विजेचा कितीतरी जास्त दाब लागतो. बाहेर नाचणारी ठिणगी आत विझू शकते. म्हणून जुना प्लग, त्याची ओली किंवा तडकलेली टोपी यांच्यावर विश्वास ठेवू नये, नवा प्लग लावून पाहणे हा खरा प्रयोग. ही चाचणी करताना पेट्रोलचा डबा दूर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते.

लक्षणांवरून ठिकाण

इथवर सगळे ठीक असेल, तरच कार्बोरेटरची पाळी येते, आणि तेव्हाही लक्षण ऐकूनच. चोक ओढला तरच गाडी चालते, सोडला की बंद पडते, तर कमी वेगाला पेट्रोल देणारे लहान जेट तुंबले असावे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली असावी. दोन्हींत मिश्रण पातळ होते, म्हणून चोक त्याची भरपाई करतो. वेगळे ओळखायची सोपी युक्ती: गाडी कशीबशी चालू ठेवून त्या जोडावर थोडे साधे पाणी शिंपडा. इंजिनाचा आवाज बदलला तर चीर तिथेच.

सावकाश चालते पण रेस दिली की मिसिंग करते, तर रेसला पेट्रोल देणारे मोठे जेट तुंबले असावे किंवा पेट्रोलची धार मंद असावी. किक हलकी लागते, पायाला रेटाच जाणवत नाही, तर दोष कार्बोरेटरच्या पलीकडे आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील किंवा रिंगा झिजल्या असतील. तिथे जेट धुऊन काही होणार नाही.

आणि खोलायचेच ठरले, तर एक नियम अवश्य पाळा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसले ते मोजा आणि लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी सुरू करून पाहा. तीन स्क्रू एकदम फिरवले तर गाडी सुरू झाली तरी कशामुळे ते कळत नाही, आणि नाही झाली तर परतीची वाट राहत नाही.

ऋतू आणि इथेनॉल

आपल्या जिल्ह्यात डिसेंबरची पहाट १० अंशांपर्यंत उतरते आणि मेमधली दुपार ४५ अंशांवर जाते. या दोन टोकांमध्ये हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी बदलते, पण जेटचे भोक तेच राहते. म्हणून हिवाळ्यात मिश्रण थोडे पातळ आणि उन्हाळ्यात थोडे गाढ होते. थंडीत पेट्रोलची वाफही कमी होते, त्यामुळे सकाळी चोक लागतो. मे महिन्यात लाखनी-साकोलीच्या महामार्गावर चहाला थांबल्यावर गाडी अडते, त्याचे कारण उलटे असते. इंजिनाची धग वाटीतले पेट्रोल उकळवते आणि वाफ नळीत भरते. अशा वेळी चोक न ओढता थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारावी, म्हणजे जादा वाफ बाहेर जाते.

२०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. भातशेतीच्या जिल्ह्याचा या बदलाशी जवळचा संबंध आहे, कारण उसाबरोबरच तांदळाच्या कणीपासूनही इथेनॉल बनते. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, एका भागाला नऊ. त्यामुळे या मिश्र इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते, आणि जुने जेट त्याला पेट्रोल कमी देते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. त्याहून मोठा प्रश्न उभ्या गाडीचा आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतो, पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी उतरते, आणि जुने रबर फुगते किंवा ठिसूळ होते. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होईल. टाकी मात्र भरलेली ठेवा, हवेला जागा उरली नाही की ओलही कमी शिरते. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

१ एप्रिल २०२० पासून देशात प्रदूषणाची बीएस-सहा मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. धूर कमी करणारी यंत्रणा चालायला मिश्रण फार काटेकोर लागते, ते संगणकावर चालणारे फ्युएल इंजेक्शनच देऊ शकते. हा बदल योग्यच होता. पण त्यामुळे भंगारात जाणाऱ्या कार्बोरेटरांना एक नवे काम देता येईल. दाब, वेग, तरंगणे, बाष्पीभवन, क्षेत्रफळाचा वर्गनियम हे सगळे एका मुठीत मावणाऱ्या या वस्तूत आहे. पवनी, तुमसर, मोहाडीच्या शाळांनी असे एकेक कार्बोरेटर स्वच्छ करून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवावे. मुलांनी ते खोलावे, जोडावे आणि ‘गाडी सुरू होत नाही, का?’ या प्रश्नाला आधी शक्यता, मग चाचणी, मग निष्कर्ष या क्रमाने उत्तर द्यावे. पुढे ती मुले शेतकरी होवोत, मिस्त्री होवोत की डॉक्टर, हा क्रम त्यांना रोज लागणार आहे.