वीज सोडून पाण्याचा माग

उन्हाळा तोंडावर आला की बोअरच्या गाड्यांना दम खायला फुरसत नसते आणि पाण्याचा पॉइंट दाखवणाऱ्यांचा धंदाही तेजीत येतो. तळहातावर नारळ धरणारे पाणाडे आहेत, काठीवाले आहेत आणि आता मशीनवालेही. त्यातल्या मशीनवाल्यांबरोबर फिरून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी अंबाजोगाईजवळच्या एका तूर निघालेल्या रानात पोचलो.

जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेण्याची ही पद्धत शंभर वर्षांपूर्वीची. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास तिचे प्रयोग सुरू केले, ते खनिजांच्या शोधासाठी. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली, तेव्हापासून हे काम सरकारी पातळीवर चालतं. खासगी मशीनवालेही पुष्कळ झालेत.

सरळ रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेजचा किती फरक पडतो ते मोजायचं. त्यावरून जमीन विजेला किती अडवते याचा आकडा निघतो, ओहम-मीटरमध्ये. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्यात तितकी वीज खोल उतरते.

खुंट्या ठोकणाऱ्यांना सगळे मामा म्हणत होते. माझी नजर मशीनवरून त्यांच्याकडे वळली ती वळलीच. ढेकळं तुडवत, बांध ओलांडत ते वायरचं रीळ उलगडत जायचे, घणाने खुंटी ठोकायचे आणि कॅनमधलं मिठाचं पाणी तिच्या बुडाशी ओतायचे. "कोरड्या मातीला वीज धरवत नाही," ते म्हणाले. एका जागी त्यांनी ठोकलेली खुंटी उपटली. जवळून तारेचं कुंपण जात होतं. वीज जमिनीऐवजी तारेतूनच पळाली असती आणि आकडा खोटा आला असता. हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही.

मशीनपाशी बसलेल्या भूवैज्ञानिक बाई प्रत्येक आकडा लॉग कागदावर टिंबाने मांडत होत्या. या भागात ओली काळी माती साधारण दहाच्या आतबाहेर, झिजलेला मुरूम वीस ते चाळीस, भेगाळलेला कातळ त्याच्या थोडा वर, आणि अखंड काळा पाषाण शेकड्यांत. टिंबांची वक्ररेषा खाली झुकली की शेतकऱ्याचे डोळे चमकत. बाई मात्र गप्प. मला त्यांचा हा संयम फार मोलाचा वाटला, कारण मशीनला पाणी दिसत नाही, फक्त अडथळा कळतो. चिकणमातीही कमी आकडा देते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आकडा खूप खाली येतो. तिथे पाणी असतं, पण पिकाला चालत नाही. खोलवरचा पातळ थर वक्ररेषेत उमटतच नाही. एकाच वक्ररेषेचे दोन-तीन अर्थ लागू शकतात. आजूबाजूच्या विहिरी आणि जुन्या बोअरचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय त्यातला खरा कोणता, ते ठरवता येत नाही.

शिवाय साठ मीटर खोलवरचं कळायला दोन-तीनशे मीटर लांब वायर पसरावी लागते. दोन एकरवाल्याने ती पसरायची कुठे? शेजाऱ्याच्या रानात. शेजारी बोलत नसेल तर सर्व्हे अर्ध्यावरच थांबतो. बसाल्टमधलं पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असतं, आणि त्या भेगा आधीच्या बोअरनी उपसलेल्या असतात. २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. तरी गावोगाव पाचशे-सातशे फुटांच्या बोअरची भाषा चालते. तेवढ्या खोलीवर किती पाणी लागेल आणि किती दिवस टिकेल, हे कुठल्याच वक्ररेषेतून निघत नाही.

दुपारी बाईंनी निर्णय सांगितला: इथे बोअर घेऊ नका, खाली अखंड कातळ आहे. ओढ्याकाठची विहीर मुरमात थोडी रुंद करा, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी तिच्या आसपास मुरवा. शेतकऱ्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मॅडम, गाडीवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलोय. रात्री गाडी येणार. मग त्यातल्या त्यात बरी जागा कोणती?"