कवटी नराची की मादीची?

गोरिलाच्या दोन कवट्या तुमच्यापुढे ठेवल्या, तर त्यांतील नराची कोणती हे तुम्ही सहज ओळखाल. नराची कवटी मोठी, सुळे लांब आणि डोक्यावर मधोमध हाडाचा उंच कंगोरा. जबडा हलवणारे दांडगे स्नायू या कंगोऱ्याला जोडलेले असतात. मादीत तो सहसा नसतो. मग हीच कसोटी मानवाच्या प्राचीन नातलगांना लावता येईल का?

१९३८ साली दक्षिण आफ्रिकेत क्रोमड्राय येथे गर्ट टेर्ब्लान्श या शाळकरी मुलाला एका कवटीचे तुकडे सापडले. रॉबर्ट ब्रूम यांनी त्या प्राण्याला ‘पॅरान्थ्रोपस रोबस्टस’ हे नाव दिले. पुढे जवळच्या स्वार्टक्रान्स येथे याच जातीच्या मोठ्या कवट्या मिळाल्या. १९९४ मध्ये ड्रिमोलेन येथे मात्र लहान, कंगोरा नसलेली कवटी निघाली. मोठ्या त्या नराच्या, लहान ती मादीची, असा हिशेब मांडला गेला. या प्राण्यांत नर व मादी यांच्या आकारांत गोरिलांइतकाच फरक असावा, असेही काहींना वाटले.

२०१८ मध्ये ड्रिमोलेनलाच आणखी एक कवटी सापडली. ती नराची असावी, असे अभ्यासकांचे मत पडले. पण स्वार्टक्रान्सच्या नरांपेक्षा ती लहान भरली! येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तुलना करताना केवळ लिंग बदलत नव्हते, स्थळ आणि काळही बदलत होते. प्रयोगात दोन राशी एकदम बदलल्या, तर परिणाम कोणत्या राशीचा हे कसे सांगणार?

यासाठी आकाराशी संबंध नसलेला पुरावा हवा होता. तो दातांनी दिला. दातावरील टणक कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, अ‍ॅमेलोजेनिन नावाचे प्रथिन असते. त्याचा एक प्रकार ‘वाय’ गुणसूत्रामुळे तयार होतो, म्हणून तो फक्त नरात आढळतो. स्वार्टक्रान्सच्या सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या चार दातांची अशी तपासणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील एक दात लहान असल्याने मादीचा मानला जात होता. त्यात नराचे प्रथिन मिळाले!

उलट बाजूही पाहा. हे प्रथिन मिळाले तर नर नक्की. पण न मिळाले तर लगेच मादी म्हणता येत नाही, कारण इतक्या काळात ते नष्टही झाले असेल. म्हणून इतर प्रथिने किती टिकली आहेत, हेही मोजावे लागते.

वर्गातील उंच मुली आणि बुटकी मुले आठवा, म्हणजे नुसत्या मापावर विसंबणे किती धोक्याचे, ते पटेल.