नळाचं पाणी आणि आयोनायझरची वीज

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत नळाला येणारं पाणी मुख्यतः तानसा, वैतरणा, भातसा इथल्या धरणांतलं, म्हणजे साठवलेल्या पावसाचं. त्यात क्षार कमी. पिण्याला हे चांगलंच. पण ‘अल्कलाइन’ पाणी देणाऱ्या आयोनायझरला तेच जड जातं.

हे यंत्र धातूच्या पट्ट्यांमधून वीज सोडून पाण्याचं विघटन करतं; त्याला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. क्षार कमी असले की रोध वाढतो आणि तेवढाच प्रवाह जायला व्होल्टेज चढवावं लागतं. २४ व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे १२० वॅट. त्यातली बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन जाते. विघटन किती होणार हे प्रवाहावर ठरतं, म्हणून यंत्रात प्रवाह बांधून ठेवणारं नियंत्रण हवं. पाणी वाहू लागल्यावरच वीज सुरू व्हावी. अधूनमधून ध्रुव उलटवले की पट्ट्यांवरचा पांढरा थरही सुटतो.

आरओचे विक्रेते ग्लासात लोखंडी कांड्या बुडवून, त्यांतून वीज सोडून नळाचं पाणी तपकिरी करून दाखवतात, तेव्हा घाबरू नका. तो गंज कांडीचा असतो, पाण्यातली घाण नव्हे. शेजारच्या ग्लासातलं आरओचं पाणी स्वच्छ राहतं, कारण त्यात क्षार जवळपास नसल्याने वीज फारशी वाहत नाही, इतकंच. सोसायटीची टाकी वेळेवर धुतली जात असेल, तर साधा यूव्ही फिल्टर माझ्या मते पुरे.