स्फटिकातला प्रकाशाचा पाट

भंडारदऱ्याचे पाणी श्रीरामपूरच्या बाजूला शेतांपर्यंत पोहोचते, ते पाटाला तळ आणि भराव असतात म्हणून. प्रकाशालाही असाच पाट करून देता येतो. तो कसा, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

दहावीच्या वर्गात शिकलेले पूर्ण आंतरिक परावर्तन माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमातून प्रकाश तिरपा कडेवर आला की बाहेर न पडता आत परततो. १८४१ साली जिनिव्हात कोलाडॉन यांनी पाण्याच्या धारेत प्रकाश असाच वळवून दाखविला. शेजारच्या वाळूजला तयार होणाऱ्या प्रकाशतंतूंचे तत्त्वही हेच.

परंतु तंतू प्रकाश केवळ वाहून नेतो. प्रकाश चालू-बंद करणे, त्यावर संदेश चढविणे, यासाठी लिथियम नायोबेटसारखा स्फटिक लागतो. विजेचा दाब दिला की त्याचा अपवर्तनांक बदलतो. अशा पारदर्शक घन पदार्थाच्या आत पाट पाडायचा, तर कुदळ कोठली आणायची?

ती कुदळ म्हणजे आयन. अणूतील इलेक्ट्रॉन काढून त्याला निर्वात नळीत उच्च दाबाने वेग द्यायचा आणि पदार्थावर सोडायचा, यास आयन-रोपण म्हणतात. १९६८ साली शिनेलर, फ्लॅम व विल्मट यांनी क्वार्ट्झ-काचेत प्रोटॉन रोवून प्रकाशमार्ग तयार केला. त्या काचेत आघाताने अणू दाटीने बसतात, अपवर्तनांक किंचित वाढतो आणि तोच भाग पाट होतो.

लिथियम नायोबेटमध्ये मात्र उलटे घडते, आणि आमच्या मते खरी मौज तेथेच आहे. वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा हेलियम आयन वेगात असेपर्यंत स्फटिकाला फारशी इजा करीत नाही. त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनांशी झटापटीत खर्च होते. दमून थांबण्याच्या बेतात आला की तो अणूंना जागेवरून उखडतो. ही मोडतोड पृष्ठभागाखाली सुमारे पाच मायक्रॉनवर, पातळ थरात होते. मोडलेल्या थराचा अपवर्तनांक घटतो आणि तो पाटाचा तळ बनतो. वरचा जवळजवळ शाबूत स्फटिक हा पाट. बाजूंचे भराव हवे असल्यास मधली पट्टी झाकून दोन्ही अंगांना, निरनिराळ्या खोलीवर, आयन रोवतात.

सगळी कसोटी मात्रेची. दर चौरस सेंटीमीटरला एक कोटी अब्जांच्या घरात आयन लागतात. मात्रा कमी पडली तर तळ पाझरतो, प्रकाश खाली निसटतो. जास्त झाली तर स्फटिकाला तडे जाण्याची भीती. पाटातही थोडे दोष राहतात व प्रकाश शोषतात. म्हणून स्फटिक दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवितात. किरकोळ दोष निवळतात, तळ टिकतो. उष्णता फार वाढविली तर तळही विरू लागतो.

त्वरकयंत्र महाग असते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ पासून पेलेट्रॉन त्वरक आहे, पण तो मुख्यत्वे अणुगर्भाच्या अभ्यासासाठी. कारखान्यांनी लिथियम नायोबेटसाठी टायटॅनियम मुरविण्याची स्वस्त रीतच पसंत केली, आणि आयनांचे पाट बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिले. हेलियमचा थर मात्र दुसऱ्याच कामी आला. त्या थरावरच वरचा पापुद्रा अलग होतो, हे १९९८ साली दाखविले गेले. असे मायक्रॉनहूनही पातळ पापुद्रे दुसऱ्या आधारावर चिकटवून त्यांवर आज अतिवेगवान प्रकाश-स्विच घडविले जातात.